पाचशे चाळीस चौरस फूट

नगरपालिकेत बांधकाम ओव्हरसियर म्हणून मी तेवीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत मी एकही घर बांधलं नाही. लोकांची घरं किती पुढं आली, किती मागं गेली, खिडकी केवढी, जोतं किती उंच, हे मोजायचं आणि त्यावरून 'नाही' म्हणायचं, हे माझं काम. 'हो' म्हणायचा अधिकार कमिटीला होता. त्यामुळं गावातल्या लग्नांत कमिटीचे मेंबर पहिल्या पंगतीला असत आणि मला आमंत्रणच नसे.

गावाचं नाव लिहीत नाही. बेळगावहून निपाणीकडं जाताना मोटार जिथं पाण्यासाठी थांबायची त्या गावांपैकी एक, एवढं पुरे. मी ज्या घरांबद्दल लिहितो आहे त्यांत अजून माणसं राहतात.

खेड्यातून गावात घर बांधायला आलेल्या माणसाला पहिल्यांदा माझ्यासमोर बसवत, तेव्हा त्याचा प्रश्न ठरलेला असे. "जागा माझी, दगड माझं, घर माझं. मग अर्ज कुणाला करायचा ओ?" मी सांगत असे, अर्ज मला करायचा. त्यावर तो माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा की मलाही क्षणभर ते पटायचं नाही.

पण नियम कुणी हौसेनं केलेले नव्हते. प्लेगच्या दिवसांत आमच्या गल्लीत घराला घर चिकटलेलं होतं. माझी थोरली आत्या ज्या खोलीत प्लेगनं गेली तिला खिडकी नव्हती. दिवसा दिवा लावून वडिलांनी तिचं तोंड पाहिलं होतं. त्यानंतर पुढं कधीतरी नियम आले: घराच्या मागं दहा फूट मोकळी जागा सोडायची, प्रत्येक खोलीला बाहेरचा उजेड पाहिजे, आणि सहाशे चौरस फुटांपेक्षा लहान जागेवर नवं घर बांधायचं नाही. लहान जागेवर बांधायचंच असेल तर नियमातून सूट मागायची. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरकती मागवायच्या, कमिटीनं जागा बघायची आणि ठराव करायचा. सूट मागणारे बहुतेक भाऊभाऊ असत. वाटणी करून आठ-आठ फुटांच्या पट्ट्या पाडायच्या आणि मग दोघांनी वेगवेगळे अर्ज घेऊन यायचं. अशा दोन भावांना मी एकदा सांगितलं, दोघांचं मिळून एक घर दाखवा, लगेच मंजूर होईल. त्यांनी माझ्या टेबलाशी बसून एकमेकांशी न बोलता, माझ्यामार्फत, सगळा नकाशा ठरवला. "त्येला सांगा, जिना माझ्या अंगाला नको." तो 'त्यो' हातभर अंतरावर बसला होता.

हे सगळं सोपं होतं. चंद्राक्काचं प्रकरण सोपं नव्हतं, कारण तिची जागा कुणी वाटणी करून लहान केली नव्हती. ती मी लहान केली होती.

चंद्राक्का आणि तिचा नवरा हणमंताप्पा हे विणकर. मूळचं घराणं शहापूरचं, दोन पिढ्यांपूर्वी आमच्या गावात आलेलं. घरात दोन माग. एकावर तो, एकावर ती. हणमंताप्पा बोलायचा नाही. मुका नव्हता, पण त्याच्या वाट्याचंही चंद्राक्काच बोलायची, आणि त्याची काही तक्रार दिसली नाही.

त्यांची जागा मोठ्या रस्त्याला लागून होती. अठरा फूट रुंद, चव्वेचाळीस फूट खोल. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी काही वर्षं निपाणीकडून सर्व्हिस मोटारी वाढल्या, तंबाखूच्या लॉऱ्या येऊ लागल्या, आणि रस्ता रुंद करायचं ठरलं. नोकरीत मी नवा होतो. रस्त्याची नवी रेघ आखायचं काम माझ्याकडं आलं. सरळ रेघ टाकली तर चंद्राक्काच्या बाजूचे दहा फूट जात होते, आणि समोरच्या बाजूला तंबाखूच्या वखारीचा दगडी कट्टा. वखार एका सावकाराची होती. कट्टा मोठा देखणा होता, घडीव दगडाचा, त्यावर पन्नास माणसं बसतील असा.

माझ्या वरच्या साहेबांनी मला बोलावलं. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "इथं जरा वळण घ्या." मी विचारलं, किती? ते म्हणाले, "कट्टा वाचेल इतकं."

कट्टा चार फुटांनी वाचला. चंद्राक्काचे दहाचे चौदा फूट झाले. ज्या दिवशी खुंट्या मारल्या त्या दिवशी ती दारात उभी होती. तिनं विचारलं, "काय करूलासा ओ, सायेब?" मी म्हणालो, रस्त्याची रेघ. ती म्हणाली, "वाकडी दिसतीया." मी म्हणालो, वळण आहे.

घराचा पुढचा भाग पाडला. मागच्या मातीच्या भिंतींना आधार राहिला नाही, त्या पहिल्या पावसाळ्यात बसल्या. नवरा-बायको आणि दोन मुली एका ओळखीच्याच्या पडवीत जाऊन राहिले. तिथं एकच माग मावला. दुसरा सुटा करून त्याची लाकडं आढ्याला बांधून ठेवली. पाच-सहा वर्षं अशी गेली. मग पडवीवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला पडवी पाहिजे झाली. चंद्राक्का माझ्या टेबलाशी आली ती तेव्हा.

"आमची जागा हाय न्हवं ती उरलेली," ती म्हणाली, "तितं घर बांदायचं हाय. कागूद काय लागतोय त्यो सांगा."

मी बाळाप्पाला घेऊन गेलो आणि जागा मोजली. बाळाप्पा हा आमचा शिपाई, माझ्यापेक्षा वयानं पंधरा वर्षं मोठा. टेपचं दुसरं टोक धरायचं त्याचं काम. अठरा फूट बाय तीस. पाचशे चाळीस चौरस फूट. नियमाला साठ कमी.

मी तिला सांगितलं की या जागेवर नवं घर होत नाही.

"का व्हत न्हाय?"

"जागा लहान आहे."

"ल्हान कुणी केली?"

"रस्त्यासाठी नगरपालिकेनं घेतली."

"आन व्हत न्हाय म्हंतंय कोन?"

"नगरपालिका."

ती चिडली नाही. मला वाटतं, आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, एवढंच ती मनात तपासत होती. मग म्हणाली, "बरं. मग ह्यातनं वाट काय?"

वाट म्हणजे नियमातून सूट मागायचा अर्ज. तो मीच लिहून दिला. सूट दोन गोष्टींत मागितली: जागा लहान असूनही बांधू द्यावं, आणि मागं दहाऐवजी सहा फूट मोकळे सोडू द्यावेत. कारण विणणाऱ्याला पाय सोडून बसायला मागाखाली खड्डा लागतो, पुढं उभ्या सुताच्या ताण्याला लांबी लागते, आणि दोन माग बसवून उरलेल्या जागेत चार माणसांनी जेवायचं-झोपायचं होतं. दहा फूट सोडले तर एकाच मागाचं घर होत होतं. एका मागावर चार माणसं निभत नव्हती. घर झालं नाही तर इचलकरंजीला जाऊन दुसऱ्याच्या मागावर बसायचं, असं त्यांचं ठरलं होतं. ते हणमंताप्पानं मला सांगितलं. त्याचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य तेच.

अर्जाची नोटीस जागेवर चिकटवली. हरकत आली एकच, वखारवाल्या सावकाराची. दोन पानं, वकिलाच्या हातची. लिहिलं होतं की अशा कोंदट घरानं गल्लीच्या आरोग्यास धोका आहे, हवा-उजेड अडतो, आणि नगरपालिकेनं प्लेगचे दिवस विसरू नयेत. जागा कुणाला उपयोगी पडेल तेही शेवटी सुचवलं होतं. वखारीत माल भरताना लॉऱ्या उभ्या करायला ती सोयीची होती.

हरकत वाचून झाल्यावर बाळाप्पा म्हणाला, "सायेब, एक बोलू? त्या रेगंच्या टायमाला टेपचं टोक म्याच धरलं व्हतं."

"माहीत आहे."

"चार फूट म्या वडून दिलं, तुमी लिवून घेटलं. मला कोन इचारनार न्हाय. तुमास्नी इचारतील."

मी त्याला म्हणालो, कोण विचारतंय. आठवडाभर मी हेच स्वतःलाही सांगत होतो. जुन्या नकाशात रेघ वळलेली दिसत होती, पण वळण का, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. सांगणारे साहेब बदली होऊन दूर गेले होते.

कमिटी जागा बघायला यायची होती त्या दिवशी मी सकाळी लवकर पोचलो, तर जागेवर घर होतं. म्हणजे चुन्याचं होतं. चंद्राक्कानं आणि मुलींनी चुन्याच्या फक्कीनं सगळा नकाशा जमिनीवर खऱ्या मापात काढला होता. भिंती दुहेरी रेघांनी, जाडीसकट. दाराच्या जागी रेघ तोडलेली आणि तिथं एक फरशी उंबऱ्यासारखी ठेवलेली. चुलीच्या जागी तीन दगड. मागांच्या जागी मागाची खरी लाकडं आणून मांडलेली, आणि एका मागापाशी हणमंताप्पा मांडी घालून बसलेला. खिडक्या खुणेनं दाखवलेल्या. मागं सहा फुटांची पट्टी झाडून, शेणानं सारवून ठेवलेली.

"पेन्शिलीचं कळत न्हाय ओ मानसास्नी," ती मला म्हणाली. "आमास्नी बी कळलं न्हवतं."

कमिटीचे सात मेंबर आले. अध्यक्ष निवृत्त वकील होते, उंच, पायात पंपशू, स्वभावानं कडक. ते बोलत बोलत आले, फरशीपाशी थांबले, आणि बोलणं न थांबवता त्यांनी पंपशू काढून बाजूला ठेवले. मागच्यांनी अध्यक्षांनी काढले म्हणून काढले. सातही जण ओळीनं, एकेक करून, त्या तीन फुटांच्या दारातून आत गेले. आजूबाजूला सगळी मोकळी जमीन होती. कुणीही कुठूनही येऊ शकत होता. पण मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही वाकून चपला काढत होतो.

सावकार उशिरा आले. ते आपल्या वखारीकडून तडक निघाले आणि सरळ पुढच्या भिंतीतून आत शिरले.

अध्यक्ष म्हणाले, "सावकार, भिंतीतून कसले येता? दारातून या."

कुणी हसलं नाही. सावकार थबकले, खाली बघितलं, मागं झाले, बाहेरून फिरून आले, जोडे काढले आणि दारातून आत आले. मग त्यांनी आपली हरकत सांगितली. "ह्या एवड्याशा जागंत मानूस ऱ्हाऊच शकत न्हाय. श्वास घ्याया हवा न्हाय."

"सावकार, वाईच सरका," चंद्राक्का म्हणाली. "तुमी चुलीवर हुबा हायसा."

ते सरकले.

अध्यक्षांनी दोन्ही माग पाहिले, खिडक्यांच्या खुणा पाहिल्या, मागच्या पट्टीत उभं राहून हात पसरून पाहिलं. मग माझ्याकडं वळले. "ओव्हरसियर, मला एक समजत नाही. या रस्त्यावरच्या सगळ्या जागा रस्ता झाल्यावरही सहाशेच्या वर राहिल्या. हीच एक कमी कशी?"

सात मेंबर, सावकार, चंद्राक्का, बाळाप्पा, सगळे माझ्याकडं बघू लागले. खोटं बोलायची गरजही नव्हती. 'रस्त्याची आखणी तशी आहे' एवढं म्हटलं असतं तरी ते खरं होतं, आणि चाललं असतं.

मी म्हणालो, "इथं रेघ चार फूट वळवली आहे, साहेब."

"सरळ असती तर?"

"सहाशे बारा चौरस फूट. अर्जच करावा लागला नसता."

"कशासाठी वळवली?"

मी कट्ट्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्या वेळी कट्ट्यावर एक कुत्रं झोपलेलं होतं.

"कुणी वळवली?"

"आखणी माझी आहे. सांगणं तोंडी होतं, पण कागदावर सही माझी आहे."

रस्त्याची ती रेघ मंजूर झाली तेव्हाच्या कमिटीत हे अध्यक्षही मेंबर होते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. चंद्राक्का माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. जुना हिशेब एकदाचा जुळल्यावर माणूस जसा मान हलवतो, तशी तिनं मान हलवली आणि ती पाणी आणायला गेली.

ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. अट एकच: मागची मोकळी जागा पुरी सहा फूट, त्यात इंचभर कमी चालणार नाही. आणि माझ्या सर्व्हिस बुकात शेरा आला: 'आखणीच्या कामी निष्काळजीपणा.' माझी बढती त्यानं तीन वर्षं लांबली. शब्द चुकीचा होता. मी ती रेघ फार काळजीपूर्वक वळवली होती.

घर चार महिन्यांत उभं राहिलं. लोंढ्याच्या जंगलाकडचं जुनं सागवान कुठून तरी मिळवून आढं घातलं. काम पुरं झालं की ओव्हरसियरनं मोजून दाखला द्यायचा आणि मगच राहायला जायचं, असा नियम. मी आणि बाळाप्पा गेलो. पुढचं माप बरोबर. खिडक्या बरोबर. मागच्या पट्टीत बाळाप्पानं टोक धरलं, मी वाचलं. पाच फूट सात इंच.

पुन्हा वाचलं. पाच फूट सात इंच.

चंद्राक्काला काही माहीत नव्हतं. गवंड्यालाही नव्हतं. हणमंताप्पा पुढं आला. "म्या केलं," तो म्हणाला. पाया आखताना गवंडी जेवायला गेला होता, तेव्हा त्यानं दोरी पाच इंच मागं सरकवली होती. नाहीतर मागाच्या खड्ड्यात बसल्यावर पाठ भिंतीला टेकली असती. "दिसभर बसायचं असतंय. पाट घासती."

बाळाप्पानं टेपचं टोक सोडलं नव्हतं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "टेप जुनी हाय, सायेब. वडली की वाडती."

सावकाराच्या कट्ट्यासाठी मी चार फूट वळलो होतो. इथं पाच इंच होते, आणि एका माणसाची पाठ होती. पण तो शेरा येऊन चारच महिने झाले होते. दिवसा मी स्वतःला सांगत होतो की आपण खरं बोललो, आणि तरीही कार्यालयात साहेबांच्या शिपायानं हाक मारली की आधी कोणतं प्रकरण निघालं ते विचारत होतो. मी चंद्राक्काला म्हणालो, "मला हे लिहावं लागेल."

मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. चार फुटांचं तरी काढेल. ती हणमंताप्पाकडं बघत म्हणाली, "लिवा. त्यो समोरचा वखारवाला काय निजलेला न्हाय."

दुसऱ्या दिवशी मागची भिंत उतरवायला घेतली आणि पाच इंच आत घेऊन पुन्हा बांधली. नवीन भिंत मी मोजली आणि दाखला दिला. हणमंताप्पानं मागाच्या पाठीमागं भिंतीला एक जुनं घोंगडं टांगलं. ते मी पाहिलं, आणि त्याबद्दल नियमात काही नव्हतं.

महिन्याभरात सावकाराचा अर्ज गेला, थेट बेळगावला, वरच्या इंजिनियरकडं. मागची जागा ठरावाप्रमाणं सोडलेली नाही, असं लेखी. ही बातमी त्यांना कुठून लागली मला माहीत नाही. भिंत पाडण्याआधीच लागली असावी. वरचे इंजिनियर स्वतः आले. स्वतःची नवी पोलादी टेप घेऊन, स्वतःचा माणूस घेऊन. माझ्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि माझं सर्व्हिस बुक बघता तो असायचं कारणही नव्हतं.

आत दोन्ही माग चालू होते. पुढच्या मागावर चंद्राक्का, मागच्यावर हणमंताप्पा. इंजिनियर आत आले तशी ती थांबली. तिनं मला विचारलं, "मापताना माग बंद कराया लागतोय का, सायेब?"

मी इंजिनियरांकडं पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी म्हणालो, "नाही."

मागल्या अंगणात त्यांच्या माणसानं टोक भिंतीला लावलं. इंजिनियरांनी वाकून पाहिलं, दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं, मध्यावर पाहिलं. तिन्ही ठिकाणी आकडा मोठ्यानं वाचला. सहा फूट. सहा फूट अर्धा इंच. सहा फूट. बाळाप्पा माझ्याशेजारी उभा होता आणि त्याचे हात रिकामे होते. नोकरीत प्रथमच त्याला धरायला टेप नव्हती.

इंजिनियर टेप गुंडाळत म्हणाले, "अर्धा इंच जास्त सोडलाय की."

भिंतीपलीकडं चंद्राक्कानं ते ऐकलं असणार. पण दोन्ही माग चालूच राहिले.